इतिहासाची पाळी

सावरखिंड नगरपंचायतीच्या हद्दीत गावं पाच आहेत आणि इतिहास एकच आहे, त्यामुळे तो पाळीपाळीने वापरावा लागतो. दसऱ्यापासून दसऱ्यापर्यंत एका गावाची पाळी. सावरखिंड, कोंडारमाळ, पिंपळढोह, हातगेवाडी, बोरतळे, आणि पुन्हा सावरखिंड. पंचवीस वर्षं हे असंच चाललंय आणि एकंदरीत बरं चाललंय. मी इथला इतिहास पाटकरी. त्याआधी मी कालव्यावर पाटकरी होतो, म्हणजे कुणाच्या शेतात किती तास पाणी सोडायचं ते बघायचो. पाण्यापेक्षा इतिहासावर भांडणं कमी होतात, असं नोकरी बदलताना मला सांगण्यात आलं होतं. ज्यांनी सांगितलं ते आता निवृत्त झालेत.

पूर्वी पाच गावांच्या पाच ग्रामपंचायती होत्या. त्या मोडून नगरपंचायत झाली तेव्हा वरून एक फॉर्म आला आणि त्यात 'शहराचा संक्षिप्त इतिहास' असा रकाना होता. पाचही गावांनी आपापला इतिहास लिहून आणला. कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर पाचही सारखे. चाळीस गडी खिंडीत शत्रूला अडवून मेले आणि त्यांच्या नावाचा कोरीव दगड, म्हणजे वीरगळ, गावात आहे. मोठ्या दुष्काळात भागूआई नावाच्या बाईने एकटीने विहीर खणली. इंग्रज कलेक्टर पाहणीला आला आणि वेशीपाशी घोड्यावरून पडला. घोड्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, हेसुद्धा पाचही कागदांत होतं.

कुणी कुणाचं चोरलं यावर आठवडाभर खडाजंगी झाली. चौकशीअंती निघालं ते असं की, कुणीच चोरलं नव्हतं. इतिहास खरोखरच एक होता, आणि तोही बेताचाच. तसा अहवाल वर गेला. वरून एका ओळीचं उत्तर आलं: 'उपलब्ध इतिहासाचे समन्यायी वाटप करावे.' समन्यायी वाटपाची आम्हा लोकांना एकच रीत माहीत होती, ती कालव्याची. म्हणून मला बोलावलं.

पद्धत सोपी आहे. इतिहास वीरगळाबरोबर हलतो. दसऱ्याच्या सकाळी दगड उपटायचा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालायचा आणि पुढच्या गावात नेऊन रोवायचा. दगड शिवेपलीकडे गेला की बाकीचं आपोआप मागून जातं. चाळीस गड्यांचे वंशज त्या गावात निघतात. तिथल्या विहिरीला एरवी एकवीस पायऱ्या असतात, पाळीच्या वर्षी बावीस भरतात, आणि शेवटच्या पायरीवर भागूआईच्या पहारीची खूण असते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी कलेक्टर येऊन त्या गावच्या वेशीपाशी पडतो. मी हजर राहून नोंद करतो.

ज्या गावाची पाळी नसते त्याचं ते वर्ष कोरडं. कोरड्या वर्षात लोक नेहमीसारखेच राहतात. पेरतात, कापतात, लग्नं लावतात. फक्त गेलेली माणसं आठवत नाहीत. आपल्याला वडील होते एवढं कळतं, कारण त्याशिवाय आपण कुठून आलो असतो. भिंतीवरच्या फोटोंमध्ये चेहरे राहत नाहीत. काच असते, चौकट असते, हार असतो, आत कोरा कागद. बायका तो रोज पुसतात. पाळी आली की दसऱ्याच्या दुपारपर्यंत चेहरे परत येतात आणि घराघरांतून नावं घेऊन हाका मारल्याचे आवाज ऐकू येतात. मला माझ्या कामातली हीच दुपार आवडते. कोरड्या गावचं कुणी पाळीच्या गावात गेलं तर त्याला दिवसभर तिथला इतिहास वापरता येतो. सोबत मात्र नेता येत नाही.

यातला एकच नियम कडक आहे. जो कोरड्या वर्षात, कोरड्या गावात मेला, तो इतिहासात जात नाही. त्याला मृत्यूचा दाखला मिळतो, पण पाळी आली तरी त्याची चौकट कोरीच राहते, कायमची. म्हणून जाणती माणसं पाळीच्या वर्षातच जातात. मी प्रत्येक गावात त्यांची यादी ठेवतो. बहुतेक जण वेळ पाळतात. माझी आई पाळता पाळता राहिली. सावरखिंडची पाळी संपल्यावर चौथ्या दिवशी गेली. तिची चौकट आमच्या पुढच्या खोलीत आहे. तिच्या नाकात चमकी होती की नव्हती, हे मला सांगता येणार नाही. नियम मीच लिहिलाय, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

आता बिरू वाघमोडेंचं सांगतो, कारण हे सगळं त्यांच्यासाठी लिहायला घेतलंय.

बिरूआण्णा बोरतळ्याचे. धनगर माणूस, उंच, हाताची बोटं मुळांसारखी. मेंढरं हा त्यांचा धंदा, पण वर्षातून एक दिवस ते नगरपंचायतीचे असत. वीरगळ आठ गड्यांना उचलत नाही. तो आधी कुठल्या तरी कोपऱ्यावर तोलावा लागतो, मग हलका होतो, आणि तो कोपरा दर वर्षी वेगळा असतो. तो फक्त बिरूआण्णांना कळायचा. दगडावर दोन्ही हात ठेवून ते क्षणभर उभे राहायचे, मग म्हणायचे, "हितनं." आणि दगड उठायचा. बावीस दसरे त्यांनी पाच गावांचा इतिहास इकडून तिकडे नेला आणि कधी एक टवका उडू दिला नाही.

बाविसाव्या दसऱ्यानंतरच्या माघात त्यांच्या छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी तपासून आठ दिवस सांगितले. पाळी होती पिंपळढोहची. बोरतळ्याची यायला पावणेदोन वर्षं होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको गजराबाई कार्यालयात आली. माझ्या टेबलासमोर उभी राहिली, बसा म्हटलं तरी बसली नाही.

"पाटकरीदादा, मालकांचं काय करायचं?"

"गजराबाई, नियम तुम्हाला ठाऊक आहे."

"ठावं हाय म्हणून तर आले. बावीस वर्सं त्यांनी सगळ्यांचं वाहून दिलं, आन् त्यांचंच पान कोरं? आवं, पंचावन्न वर्सांचा संसार हाय. कोऱ्या कागदाकडं बगून मी कशी जगू? कुणासाठी रडायचं त्ये तरी कळाय नको का मला?"

मी आईच्या चौकटीबद्दल काही बोललो नाही. नियमावली काढली. कलम सात: उसनी पाळी. शेतकरी जसे एकमेकांना पाण्याचे तास उसने देतात, तसा पाळीवाल्या गावाच्या संमतीने एखाद-दोन दिवसांसाठी इतिहास उसना नेता येतो. बावीस वर्षांत हे कलम एकदाच वापरलं गेलं होतं, आणि ते बोरतळ्यानेच. तीच अडचण होती.

विशेष सभा बोलावली. मुख्याधिकारी मॅडम मध्ये बसल्या. एका बाजूला पिंपळढोहच्या नगरसेविका रत्नमाला जगदाळे, दुसऱ्या बाजूला बोरतळ्याचे नगरसेवक हणमंत काळेल. गजराबाई दारात उभी राहिली. सदस्य नसल्याने तिला आत खुर्ची देता येत नव्हती.

"माणसाबद्दल आमचं काय म्हणणं न्हाई," रत्नमालाताई म्हणाल्या. "बिरूआण्णा देवमाणूस. पण पंधरा वर्सांमागं आमचीच पाळी होती. बोरतळ्यात कुणाचं तरी लगीन होतं, पाव्हण्यांना घराणं दाखवायचं होतं, म्हणून दोन दिवसांसाठी इतिहास मागून नेला. परत दिला तवा त्यात घोडा नव्हता. तवापासनं कलेक्टर नुसताच पडतोय. उभ्या उभ्या पडतोय, मॅडम. शाळेची पोरं बगायला येत्यात आन् हसत्यात."

हातगेवाडी आणि कोंडारमाळच्या सदस्यांनीही आपापल्या पाळीत तो नुसताच पडत असल्याचं सांगितलं.

"घोडा वाटंत सुटला असंल," काळेल म्हणाले. "बोरतळ्यात न्हाई. मी सभागृहात सांगतो, लिहून घ्या."

मी लिहून घेत होतो, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"हाय की."

सगळ्यांनी वळून पाहिलं. गजराबाईने डोक्यावरचा पदर नीट केला.

"आमच्या मेंढरांच्या वाडग्यात हाय. त्याचा पाय दुखावला होता. मालक म्हणाले, दर म्हैन्याला सायबाला पाडून पाडून जनावर खंगलंय, जरा ऱ्हाऊ दे. बांधून ठेवला, तसा मागं ऱ्हायला. मग कुणी इचारलंबी न्हाई. कोरड्या वर्सात दिसत न्हाई, पण वैरण टाकली की संपती, आन् सकाळी लीद असती. पंधरा वर्सं म्या काढतीया ती."

काळेल छताकडे बघू लागले. मला मात्र खाली बघावं लागलं. या पंधरा वर्षांत बोरतळ्याची पाळी तीनदा आली होती आणि त्या वर्षांत दर महिन्याला कलेक्टर तिथे रीतसर घोड्यावरून पडला होता. शेऱ्याच्या रकान्यात मी दर वेळी 'व्यवस्थित' लिहिलं होतं. बोरतळ्याची माणसं कामात नीटनेटकी आहेत, एवढंच त्यावरून माझ्या डोक्यात आलं होतं.

मॅडमनी चष्मा पुसला आणि ठराव सांगितला: घोडा परत करावा, त्यानंतर पिंपळढोहने एका दिवसाची पाळी उसनी द्यावी. रत्नमालाताईंनी मान डोलावली. दुपारी आठ गडी घेऊन मी पिंपळढोहला दगड काढायला गेलो.

दगड हलला नाही. चारही कोपरे झाले, पहारी लावून झाल्या, माणसं घामाघूम झाली. कुठला कोपरा, ते सांगायला बिरूआण्णा हवे होते आणि बिरूआण्णा बोरतळ्यात बाजेवर पडून होते. मी मोबाइलवरून त्यांना विचारलं.

"ते हाताला कळतं, पाटकरी," ते म्हणाले. "तोंडाला न्हाई."

म्हणजे इतिहास माणसाकडे नेता येत नव्हता. रत्नमालाताई दगडाला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग माणसालाच हिकडं आणा. घोडाबी संगट यील. माझ्या ओट्यावर जागा हाय."

यावर बोरतळ्यात संध्याकाळी पारावर माणसं जमली. काळेलांचा आवाज चढला होता. पिंपळढोहात मेला की माणूस पिंपळढोहचा पूर्वज होणार, चौकट ज्या घरात जीव जाईल त्या घरात लागणार, वहीत गावाचं नाव पिंपळढोह पडणार. "आपला माणूस दुसऱ्याचा पूर्वज?" ते म्हणाले. "घोडा गेला, आता घोडेवालाबी देऊन टाकायचा? लोक काय म्हणतील?"

"कोण म्हणतील?" गजराबाई म्हणाली. "पुढच्या दसऱ्याला तुमास्नी त्यांचं नाव तरी आठवंल का?"

काळेल पारावरून खाली उतरले. त्यांची स्वतःची एक बहीण कोरड्या वर्षात गेली होती. तिचं नाव दाखल्यावर आहे, इतकंच.

मी गजराबाईला बाजूला घेऊन कायद्याप्रमाणे सगळं समजावून सांगितलं. इथे ठेवले तर ते तुमचे राहतील, पण असणार नाहीत. तिकडे नेले तर ते असतील, पण दुसऱ्यांचे असतील. ती घरात गेली. आतलं बोलणं मला ओसरीवर ऐकू येत होतं.

"जायचं का?"

"मला काय करायचाय इतिहास," बिरूआण्णा म्हणाले. "मी वाह्यलाय त्यो. लई जड असतो."

"मला पायजे."

बाज करकरली. मग ते म्हणाले, "मंग चल. घोड्यालाबी जायाचंच हाय."

सकाळी ट्रॉलीत बाज ठेवली, खाली कडबा, वर दोन घोंगड्या. निघायच्या आधी बिरूआण्णांना उचलून वाडग्यात न्यावं लागलं, कारण न दिसणाऱ्या घोड्याच्या गळ्यात दावं दुसऱ्या कुणाला बांधता येईना. त्यांनी हवेत हात फिरवला, काहीतरी सापडलं, थोपटलं आणि दाव्याची गाठ मारली. मग बाजेवर पडून दाव्याचं टोक हातात धरलं. ट्रॅक्टर निघाला. दावं ट्रॉलीच्या मागे ताणलेलं होतं आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला रस्ता दिसत होता. वाटेत दोन मोटारसायकलवाले थांबले, पाहिलं, आणि बाजूने गेले.

बोरतळे आणि पिंपळढोहच्या शिवेवर लिंबाचं झाड आहे. ट्रॉली त्याच्या पुढे गेली आणि दाव्याच्या टोकाला आधी पांढरा ठिपका दिसला, मग दोन कान, मग सगळा घोडा. म्हातारा झाला होता, पण अंगावर तजेला होता. मानेवरचे केस विंचरलेले होते. पिंपळढोहची निम्मी वस्ती वेशीवर उभी होती. कुणी घोषणा वगैरे दिली नाही. रत्नमालाताईंनी पुढे होऊन घोड्याच्या पायावर पाणी ओतलं, मग बाजेपाशी येऊन म्हणाल्या, "या, आण्णा."

ते त्यांच्या ओट्यावर तीन दिवस होते. तिसरा दिवस महिन्याचा पहिला सोमवार होता. ओट्यावरून वेस समोर दिसते. कलेक्टर आला, पंधरा वर्षांनी पिंपळढोहात घोड्यावर बसून आला, आणि ठरल्या जागी त्याचा तोल जाऊ लागला. बिरूआण्णा कोपरावर रेलले आणि जेवढा उरला होता तेवढ्या आवाजात ओरडले:

"सायेब, डावीकडं पडा! तिकडं माती मऊ हाय."

कलेक्टर डावीकडे पडला. मी तशी नोंद केली. घोड्याने यावेळी पाय झटकला नाही. मंगळवारी सकाळी, उन्हं ओट्यावर आली तेव्हा, गजराबाईच्या मांडीवर डोकं ठेवून बिरूआण्णा गेले. रत्नमालाताईंच्या माजघरात चौकट आधीच लावून ठेवली होती. सगळं आटोपून आम्ही ओढ्यावरून परतलो तोवर तीत चेहरा आला होता, पागोट्यासकट. वहीत मी लिहिलं: बिरू वाघमोडे, पिंपळढोह.

गजराबाईला पोचवायला मी ट्रॉलीत बसलो. ती रडत होती. रडू नका म्हणायचं मला धाडस झालं नाही. लिंब दिसायला लागल्यावर तिने डोळे पुसता पुसता पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारली. झाड मागे पडलं आणि रडणं थांबलं. ओला पदर हातात धरून ती त्याकडे बघत राहिली.

"पाटकरीदादा, कुठं गेलो होतो आपण?"

मलाही वही उघडावी लागली.

"घोडा परत द्यायला," मी वाचून सांगितलं.

घरी तिला खुंटीवर एक पुरुषाचा सदरा दिसला, दोन वाट्या, दोन तांबे. आपण बाईमाणूस एकटी, एवढी भांडी कशाला, असं तिला वाटलं असणार. पण पदराला गाठ होती. गाठ मारली म्हणजे काहीतरी लक्षात ठेवायचं आहे, हे तिला आईने शिकवलेलं होतं, जरी कुठल्या आईने ते त्या वर्षी ठाऊक नसलं तरी. दुसऱ्या दिवशी ती आली होती त्याच वाटेने परत चालत गेली. लिंब ओलांडला आणि तिथेच खाली बसली.

मग ती रोजच जायला लागली. सकाळी मेंढरं सोडायची, लिंबापलीकडे जाऊन बसायची, हवं तेवढं रडायची, आठवायची, हसायचीसुद्धा. परत निघताना नवी गाठ मारायची. आठवड्यातून एकदा रत्नमालाताईंकडे जायची. मी एकदा तिथे होतो. रत्नमालाताईंनी चहा दिला आणि फोटोकडे बघून अगदी मनापासून म्हणाल्या, "आमचं आण्णा लई मायाळू. म्या ल्हान असताना जत्रंत मला खांद्यावर घ्यायचे."

गजराबाईने कप खाली ठेवला. असं काही घडलेलं नव्हतं, किंवा घडलं असलं तर ते पुढे ज्याची पाळी येईल त्या प्रत्येक गावात घडणार होतं.

"व्हय," ती म्हणाली. "खांदा मोठा होता त्यांचा. आजून सांगा."

दसऱ्याला दगड हातगेवाडीला न्यायचा होता. कोपरा कोण सांगणार ही मला भादव्यापासून काळजी होती. प्रत्यक्षात आठ गड्यांनी हात लावला आणि दगड एका बाजूने अलगद तोलला गेला, आतून कुणी धरावा तसा. "हलका लागला औंदा," गडी म्हणाले. मी शेऱ्यात 'व्यवस्थित' लिहिलं. त्या वर्षी गजराबाई एसटीने हातगेवाडीला जात राहिली. तिथे दगडाबरोबर गेलेले बिरूआण्णा एका शिंप्याच्या घरच्या चौकटीत होते, त्या घरातल्या लोकांना ते शिवणकामातलेही जाणकार वाटत होते. ती तेही ऐकून घ्यायची.

मग बोरतळ्याची पाळी आली. दगड रोवला, विहिरीला बावीस पायऱ्या भरल्या, घोडा न सांगता वाडग्यात जाऊन उभा राहिला. गजराबाईच्या घरी कुणी सांगितलं नसताना तिने एक कोरी चौकट दोन वर्षांपूर्वीच लावली होती, त्या खुंटीशेजारी. दुपारी मी गावातून फिरत होतो. घराघरांतून हाका येत होत्या. तिच्या घरातून हाक आली नाही. मी डोकावलो तर ती चौकटीखाली पाट मांडून बसली होती आणि मेंढरांच्या किमतीवरून फोटोशी वाद घालत होती.

त्या वर्षी तिचं वय शहात्तर होतं. बोरतळ्याच्या यादीत मी तिचं नाव पहिलं घातलं होतं. नवरा इथे, पाळी इथे, याहून सोयीचं वर्ष मिळणार नव्हतं. यादीतले बाकीचे चौघे वेळेत गेले. श्रावण झाला, भाद्रपद झाला. मी आडून आडून दोनदा विचारलं. ती म्हणायची, "बगू की, कामं पडल्यात."

दसऱ्याच्या सकाळी ट्रॉली येऊन उभी राहिली. दगड काढला, तो हलकाच लागला. सावरखिंडच्या लोकांनी वाजंत्री आणली होती. गजराबाई घोड्याला घेऊन आली. दुसऱ्या हातात चौकट होती. अजून दगड गावातच असल्याने चेहरा होता.

"गजराबाई," मी म्हणालो, "तुमचं नाव यादीत तसंच राहिलंय."

"वर्स बोलण्यातच गेलं, दादा. मरायचं ऱ्हाऊनच गेलं बगा." तिने पदराने काच पुसली. "आता पुढची पाळी कधी?"

"चार वर्षांनी."

"ऐकलंत न्हवं?" ती चौकटीला म्हणाली. "चार वर्सं म्हणत्यात." मग माझ्याकडे वळली. "मंग ऱ्हावंच लागंल. लिवा माझं नाव. पयलं लिवा."

मी वहीचं कोरं पान काढलं, वर बोरतळे लिहिलं आणि खाली तिचं नाव घातलं. ट्रॅक्टर सुरू झाला. तिने घोड्याचं दावं माझ्या हातात दिलं, चौकट काखेत धरली, आणि दोन्ही हातांनी पदराला गाठ मारून घेतली.